टीम्स ऑफ अवर लेडीमधलं आमचं पहिलं वर्ष : चौकशीपासून बांधिलकीपर्यंत

३१ मे २०२४ रोजी, येशूची आई मरिया हिच्या एलिझाबेथ-भेटीच्या सणाला, आम्ही नवरा-बायकोने टीम्स ऑफ अवर लेडी या कॅथलिक जोडप्यांच्या चळवळीची बांधिलकी स्वीकारली. पहिली चौकशी केली होती जानेवारी २०२३ मध्ये. मधल्या काळात वाट पाहणं झालं, अर्ज झाला, सभा झाल्या आणि आमच्या घरात काय बोलायचं, काय नाही याची जी घडी बसून गेली होती ती हळूहळू मोडली. सुरुवातीला मला कुणीतरी सांगायला हवं होतं की हे नेमकं काय असतं, किती वेळ मागतं, पैसे किती लागतात आणि नवऱ्यासमोर मोठ्याने प्रार्थना करताना अवघडल्यासारखं झालं तर काय करायचं. ते सगळं इथे क्रमाने लिहिते.

आधी आम्ही कुठे होतो ते. लग्नाला दहा-अकरा वर्षं झाली होती. दोन मुलं, दोघांच्याही नोकऱ्या. भांडणं फारशी नव्हती, रविवारची मिस्सा, म्हणजे चर्चमधली मुख्य उपासना, चुकत नव्हती. पण आमचं बोलणं म्हणजे मुलांना कोण आणणार, बिल भरलं का, आईची औषधं संपली का, एवढंच उरलं होतं. लग्नानंतर लवकरच आम्ही मॅरेज एन्काउंटरच्या शनिवार-रविवारला जाऊन आलो होतो. स्पेनमधले फादर गॅब्रिएल काल्व्हो यांनी १९६२ मध्ये सुरू केलेला हा उपक्रम. दहा मिनिटं एकमेकांना लिहायचं आणि दहा मिनिटं त्यावर बोलायचं, ही त्यांची रीत आम्हाला मनापासून आवडली होती. मोठं मूल झाल्यावर ती वही मिटली. त्यांचेही नंतरचे गट असतात, पण तोवर आम्ही गाव बदललं होतं. आता मला पुन्हा एक शिबिर नको होतं. महिन्यामागून महिने कुणीतरी सोबतीला हवं होतं. पापनिवेदनानंतर फादरांशी बोलताना मी हे म्हणाले, तेव्हा त्यांनी टीम्सचं नाव घेतलं.

चौकशी, माहितीसभा, अर्ज

फादरांनी एका जोडप्याचा पत्ता दिला. या चळवळीत पाच ते सात जोडपी आणि एक धर्मगुरू मिळून एक टीम होते. जवळपासच्या टीम्सचा सेक्टर, सेक्टरांचा रीजन, मग सुपर-रीजन आणि सर्वांत वर पॅरिसमध्ये कार्यालय असलेली आंतरराष्ट्रीय टीम. या पायऱ्यांवर जबाबदारी एकट्या माणसाकडे नसते, जोडप्याकडे असते. मी लिहिलं ते सेक्टरच्या जोडप्याला. उत्तर यायला बरेच दिवस लागले. चालू टीम्समध्ये जागा नाही, नव्या टीमसाठी निदान पाच जोडपी हवीत, तुम्ही तिसरी, असं कळलं. ही माणसं नोकरी आणि संसार सांभाळून हे काम करतात. उत्तराला उशीर झाला तर पुन्हा एकदा लिहायला संकोच करू नका.

त्या वर्षी पास्काचा सण (ईस्टर) ९ एप्रिलला होता. त्यानंतर माहितीसभा ठरली. बोलायला एक जुनं जोडपं आलं होतं, आळीपाळीने बोलत होतं. माझ्या नवऱ्याचा पहिला प्रश्न असा होता, की ही चर्चची मान्यता असलेली चळवळ आहे की कुणी आपल्या आपण सुरू केलेला प्रार्थनागट? प्रश्न रास्त होता. त्याच्या उत्तरात त्यांनी सगळा इतिहास सांगितला.

१९३८ मध्ये पॅरिसमध्ये एक तरुण विवाहित स्त्री फादर आंरी काफारेल यांच्याकडे आध्यात्मिक मार्गदर्शनासाठी आली. पुढच्या वेळी ती नवऱ्याला घेऊन आली. त्या दोघांनी आणखी तीन जोडपी आणली. २५ फेब्रुवारी १९३९ रोजी ही चार जोडपी आणि पस्तिशीतले ते धर्मगुरू पहिल्यांदा एकत्र बसले. संतपणाची वाट मठातून किंवा वेदीवरून जाते, संसारी माणसाने जमेल तेवढं करावं, अशी समजूत तेव्हा सगळीकडे पक्की होती. या जोडप्यांना विचारायचं होतं ते याच्या उलट. आमचं एकमेकांवरचं प्रेम हीच देवाकडे जायची वाट असेल, तर त्या वाटेवर चालायचं कसं? त्याच वर्षी महायुद्ध पेटलं. युद्धात पती गमावलेल्या स्त्रियांसाठी १९४३ मध्ये वेगळा गट निघाला. युद्धानंतर गट भराभर वाढले, तशी उत्साह पातळ होईल अशी काळजी काफारेल यांना वाटू लागली. म्हणून ८ डिसेंबर १९४७ रोजी त्यांनी सनद जाहीर केली. ज्या नियमांनी आम्ही आज चालतो ते मुळात तिच्यातून आले. १९५० मध्ये चळवळ ब्राझीलला पोचली. व्हॅटिकनची मान्यता १९९२ मध्ये मिळाली आणि २००२ मध्ये ती कायम झाली. काफारेल १९९६ मध्ये निवर्तले. त्यांना धन्य घोषित करण्याची (संतपदाच्या आधीची पायरी) प्रक्रिया २००६ मध्ये पॅरिसच्या धर्मप्रांतात सुरू झाली.

नवऱ्याचं समाधान झालं. मग फळ्यावर सहा साधना लिहिल्या गेल्या. देवाचं वचन नियमाने वाचणं आणि ऐकणं, रोज एकट्याने मौन प्रार्थना, रोज दोघांनी मिळून प्रार्थना, महिन्यातून एकदा दोघांनी देवासमोर बसून बोलणं, स्वतःसाठी एक जीवननियम आणि वर्षातून एक तपसाधना, म्हणजे रोजच्या कामांतून बाजूला होऊन प्रार्थनेत घालवायचा काळ. खोली एकदम गप्प झाली. एका गृहस्थांनी विचारलं, "हे सगळं जमतं तुम्हाला?" बाई म्हणाल्या, "गेल्या महिन्यात माझी मौन प्रार्थना जवळजवळ झालीच नाही. टीममध्ये मी तेच सांगितलं." हे उत्तर ऐकून मी अर्ज मागून घेतला.

अर्ज एका पानाचा होता. दोघांची नावं, लग्नाची तारीख आणि चर्च, मुलं, धर्मग्राम (आपल्या चर्चचा परिसर, पॅरिश), कोणत्या वारी संध्याकाळ मोकळी असते. सह्या दोघांच्या. मुख्य अट ही की विवाह चर्चमध्ये संस्कार म्हणून झालेला असावा. ज्यांचं लग्न फक्त नोंदणी पद्धतीने झालं आहे त्यांनी आधी आपल्या फादरांशी बोलावं. आमच्या सभेला असं एक जोडपं आलं होतं आणि त्यांना कुणीही परकं वाटू दिलं नाही.

पैशांचं इथेच सांगते. प्रवेश फी नाही. वर्षाला एका दिवसाची मिळकत चळवळीच्या कामासाठी द्यायची, आणि ती किती हे ज्याचं त्याने ठरवायचं. कुणी पगाराचा कागद मागत नाही. आम्ही घराची वर्षाची मिळकत ३६५ ने भागली आणि तो आकडा पाकिटात घातला. तो काढताना बऱ्याच वर्षांनी आम्ही दोघांच्या पगाराबद्दल एकाच टेबलाशी बसून बोललो. याशिवाय अभ्यासाचं पुस्तक, आपल्या घरी सभा असेल त्या महिन्याचं जेवण आणि तपसाधनेच्या जागी राहण्याचा खर्च. हात अडकलेला असेल तर सेक्टरच्या जोडप्याला खाजगीत सांगावं. आमच्यातल्या एकांनी सांगितलं होतं आणि त्यांची सोय शांतपणे झाली.

जूनपर्यंत पाच जोडपी जमली, पण धर्मगुरू मिळेना. प्रत्येक टीमला एक आध्यात्मिक सल्लागार लागतो, आणि धर्मग्रामातल्या फादरांची प्रत्येक संध्याकाळ आधीच वाटली गेलेली असते. जुलै असाच गेला. शेवटी एका व्रतस्थ संघातले, शिकवण्याचं काम करणारे फादर ऑगस्टमध्ये तयार झाले. तुम्हाला कुणाला विचारायचं असेल तर आधीच स्पष्ट सांगा की महिन्यातली एकच संध्याकाळ हवी आहे, प्रवचन नको आहे, अध्यक्षपद नको आहे. टीमचं चालवणं जोडप्यांकडे असतं, आणि फादरही इतरांसारखेच आपल्या महिन्याचं सांगतात. पुरोहितपद आणि विवाह हे दोन संस्कार एकमेकांच्या शेजारी बसून एकमेकांना बळ देतात, हा काफारेल यांचा विचार मला ऐकताना पुस्तकी वाटला होता. पुढे तो डोळ्यांनी पाहायला मिळाला. काही ठिकाणी धर्मगुरू मिळत नसतील तर डीकन (धर्मगुरूच्या खालच्या पदाचा दीक्षित सेवक) किंवा धर्मभगिनी अशी साथ देतात.

पहिल्या सभा

सप्टेंबर २०२३ मध्ये पहिली सभा झाली. पहिलं वर्ष पायलटिंगचं असतं. एक अनुभवी जोडपं नव्या टीमसोबत बसतं आणि मग निघून जातं. आमचं पायलट जोडपं साठीच्या पुढचं होतं. त्यांनी पहिल्याच दिवशी दोन गोष्टी बजावल्या. इथे बोललेलं इथेच राहील. आणि जोडीदाराबद्दलची कोणतीही गोष्ट त्याला आधी विचारल्याशिवाय इथे सांगायची नाही. दुसरी गोष्ट मला पहिलीपेक्षा मोलाची वाटते. टीममध्ये बसून नवऱ्याची तक्रार मांडायची आणि सगळ्यांची मान डोलवून घ्यायची, हा मोह तिथेच संपला.

सभेचा क्रम ठरलेला असतो. साधं जेवण, जेवताना महिन्याभरात घरी काय घडलं त्याची देवाणघेवाण, मग देवाचं वचन आणि प्रार्थना, मग साधनांबद्दलचा सहभाग, मग अभ्यासाच्या विषयावर चर्चा, आणि शेवटी मरियेचं स्तोत्र. 'माझा जीव प्रभूला थोर मानतो' हे लूकच्या शुभवर्तमानाच्या पहिल्या अध्यायातलं गीत टीम्सचे सभासद जगभर रोज म्हणतात. सभा आळीपाळीने प्रत्येकाच्या घरी होते. जेवण साधं ठेवा हा नियम कृपा करून पाळा. दुसऱ्या सभेपासूनच आमच्यात पदार्थ वाढायला लागले होते, आणि ज्या बाईंच्या घरी सभा होती त्या प्रार्थनेच्या वेळी इतक्या दमलेल्या होत्या की डोळे उघडे ठेवणं त्यांना जड जात होतं. पायलट जोडप्याने तो विषय प्रेमाने काढला. तेव्हापासून एकच मुख्य पदार्थ असतो आणि भांडी यजमान घासत नाहीत. मुलांसाठी आम्ही एका वेगळ्या घरी सांभाळणाऱ्या ताई ठेवल्या आणि तो खर्च सगळ्यांनी वाटून घेतला.

अभ्यासाचा धडा आधी दोघांनी मिळून वाचायचा, प्रश्नांची उत्तरं लिहायची आणि सभेपूर्वी पाठवून द्यायची असते. यासाठी महिन्यातली एक संध्याकाळ वेगळी काढावी लागते. आदल्या रात्री घाईघाईने लिहिलेली उत्तरं सभेत लगेच ओळखू येतात.

मिळून प्रार्थना

साधना एकदम अंगावर टाकत नाहीत. पायलटिंगमध्ये त्या एकेक करून येतात. वचन वाचण्याची आम्हाला सवय होती. मौन प्रार्थनेसाठी मी मुलं उठण्याआधीची वेळ धरली. काही दिवस जमलं, काही दिवस नुसती बसून राहिले. त्याबद्दल फार लिहिण्यासारखं नाही.

खरी अडचण दोघांनी मिळून प्रार्थना करण्याची. आम्ही दोघेही लहानपणापासून प्रार्थना म्हणत आलो आहोत, पण स्वतःच्या शब्दांत, एकमेकांच्या देखत, कधीच नाही. पहिल्या रात्री पलंगाच्या कडेला बसलो आणि दोघांपैकी कुणाच्याच तोंडून शब्द फुटेना. टीममध्ये विचारलं तर बाकीच्या चारही घरी हेच चाललं होतं. पायलट जोडप्याने बायबलमधल्या तोबितच्या पुस्तकाचा आठवा अध्याय काढायला सांगितला. तोबिया आणि सारा लग्नाच्या रात्री उठून एकत्र प्रार्थना करतात तो. म्हणाले, आधी त्यांचे शब्द वापरा, मग येशूने शिकवलेली प्रभूची प्रार्थना म्हणा, शेवटी दोघांनी एकेक गोष्ट घेऊन देवाचे आभार माना आणि थांबा. तीन-चार मिनिटं पुरेत.

ते जमायला लागलं. रोज नाही, पण आठवड्यातले बरेच दिवस. दिवसभरातल्या कुठल्या गोष्टीचे आभार मानायचे हे मी नवऱ्याच्या तोंडून ऐकायला लागले तेव्हा त्याचा दिवस मला कळायला लागला. एक मात्र मला खटकत होतं. प्रभूची प्रार्थना म्हणताना 'तुझी इच्छा पूर्ण होवो' या ओळीशी त्याचा आवाज बंद व्हायचा आणि पुढच्या ओळीला परत सुरू व्हायचा. तो अजून संकोचतो आहे, असं मी धरून चालले.

एकत्र बसणं

चौथी साधना नोव्हेंबरमध्ये आली. तिचा आधार लूकच्या चौदाव्या अध्यायात आहे. ज्याला बुरूज बांधायचा आहे तो आधी बसून खर्चाचा हिशेब करतो, आपल्याकडे पुरेसं आहे का ते बघतो. काफारेल यांचं सांगणं असं होतं, की संसार हेही बांधकाम आहे, तर महिन्यातून एकदा तरी हातातली कामं थांबवून दोघांनी देवाच्या समोर बसावं आणि बुरूज कुठवर आला ते बघावं. पोप फ्रान्सिस यांनी १० सप्टेंबर २०१५ रोजी टीम्सच्या प्रतिनिधींशी बोलताना या साधनेवर खास भर दिला होता. धावपळीच्या जगात ती प्रवाहाच्या उलट जाते, हे त्यांनी आवर्जून सांगितलं.

आमचं पहिलं बसणं तसं कोरडं गेलं. घरीच बसलो, मधे फोन वाजला, धाकट्याला पाणी हवं झालं, आणि बोलता बोलता आम्ही मुलांच्या शाळेच्या वेळापत्रकावर आलो. पायलट जोडप्याला सांगितलं तेव्हा त्यांनी पद्धत समजावली. ती मी जशीच्या तशी देते. तारीख महिन्याच्या सभेतच डायरीत लिहायची. शक्यतो घराबाहेर बसायचं आणि निदान दोन तास हातात ठेवायचे. फोन बंद. सुरुवातीला पवित्र आत्म्याची प्रार्थना आणि मग खरोखर काही वेळ गप्प बसणं. ते वगळायचं नाही, कारण डोक्यातली कामांची यादी त्यातच विरते. पहिल्यांदा एकमेकांचे आभार. नंतर एकाने बोलायचं आणि दुसऱ्याने मधे न बोलता ऐकायचं. खर्च, वेळापत्रक, सासर-माहेरचे कार्यक्रम हे विषय दुसऱ्या दिवशी. आणि तिथल्या तिथे तोडगा काढायचा नाही. माझ्या मते सर्वांत अवघड हेच. समोरच्याचं दुःख ऐकलं की माझा हात लगेच उपायाकडे जातो.

डिसेंबरमध्ये, नाताळाआधीच्या आगमनकाळाच्या दुसऱ्या आठवड्यात, आम्ही चर्चच्या आवारातल्या एका बाकावर बसलो. मौन बरंच लांबलं. मी काही बोलले नाही. मग तो म्हणाला की वडील गेल्यापासून त्याला 'तुझी इच्छा पूर्ण होवो' म्हणता येत नाही. अतिदक्षता विभागाबाहेर बसून तो शब्द त्याने पुन्हा पुन्हा म्हटला होता आणि वडील गेले. त्यानंतर मिस्सेलाही त्या ओळीला तो ओठ मिटून घेत होता. सासरे जाऊन दोन वर्षं होऊन गेली होती. मी रोज त्याच्या शेजारी झोपत होते आणि मला हे माहीत नव्हतं. मी विचारलं, "सांगितलं का नाहीस?" तो म्हणाला, "तुला वेळ कधी होता असं म्हणत नाही. पण असं बोलायला जागा कुठे होती?"

मला या चळवळीबद्दल सांगायचं आहे ते मुख्यतः एवढंच. आमच्यात प्रेम होतं, श्रद्धा होती, दोघेही भली माणसं होतो. नव्हती ती जागा. ठरलेली तारीख, ठरलेली वेळ, सुरुवातीचं मौन आणि महिन्याच्या शेवटी 'बसलात का?' असं आपुलकीने विचारणारी चार घरं. प्रेम असलं की बोलणं आपोआप होतं असं मी मानत होते. माझ्या अनुभवात ते आपोआप झालं नाही.

सहभाग

सभेतला ज्याला सहभाग म्हणतात तो भाग बाहेरून सर्वांत भीतीदायक दिसतो. सहा साधनांपैकी काय जमलं, काय नाही, आणि त्यातून काय मिळालं हे प्रत्येकाने सांगायचं. गुण मिळत नाहीत, कुणी भाष्य करत नाही, सल्ला देत नाही. सुरुवातीला आम्ही सगळेच मोजून मापून बोलायचो. जानेवारीच्या सभेत नवऱ्याने मला आधी विचारून ती प्रार्थनेची गोष्ट टीमला सांगितली. खोलीत बराच वेळ कुणी बोललं नाही. मग फादर म्हणाले की त्यांची आई गेली त्या वर्षी मिस्सा अर्पण करताना ते शब्द त्यांच्याही घशात अडकायचे. ते लोकांच्या आवाजावर विसंबून पुढे जायचे. "तुम्ही गप्प राहिलात तरी चर्च ती ओळ तुमच्यासाठी म्हणतच असतं," ते म्हणाले. एवढंच. त्या रात्री घरी प्रभूची प्रार्थना म्हणताना ती ओळ मी जरा मोठ्याने म्हटली, आणि तेव्हापासून आमची तशीच पद्धत आहे.

याच महिन्यात एक जोडपं थांबलं. नवऱ्याची पाळीची ड्युटी बदलली होती, आणि खरं म्हणजे त्याचं मन यात लागत नव्हतं. त्याने ते सरळ सांगितलं. पायलटिंगचं वर्ष असतंच मुळी त्यासाठी. वर्ष संपेपर्यंत कुणीही बांधील नसतं. त्यांच्या मुलांचे वाढदिवस अजून आमच्या डायरीत आहेत.

जीवननियमाबद्दल थोडक्यात. स्वतःतली एकच गोष्ट निवडायची आणि त्यावर काम करायचं. जोडीदारासाठी नियम सुचवायचा नाही. मी ठरवलं की घरात शिरल्यावर पहिलं वाक्य कामाबद्दलचं नसेल. मोठे संकल्प टाळा, नियम लहान असेल तरच महिन्याच्या शेवटी तो पाळला का ते सांगता येतं.

तपसाधना आणि शेवटचे महिने

२०२४ मध्ये राखेचा बुधवार, म्हणजे ईस्टरआधीच्या उपवासकाळाचा पहिला दिवस, १४ फेब्रुवारीला आला. त्याच दिवशी व्हॅलेंटाइन डे असल्यामुळे फादरांनी प्रवचनात त्यावर सुंदर विवेचन केलं होतं. आमची तपसाधना उपवासकाळात, मार्चमध्ये झाली. सनदेत ती निदान ४८ तासांची सांगितली आहे आणि शक्य तर दोघांनी मिळून करायची. उपवासकाळात तपसाधनेच्या घरांना मागणी फार असते, त्यामुळे खोली आम्हाला ऑक्टोबरमध्येच राखून ठेवावी लागली. निम्मी रक्कम आगाऊ भरली. जोडप्यांना एकत्र खोली आहे का हे आधी विचारून घ्या. बरीच घरं व्रतस्थांसाठी बांधलेली असतात आणि खोल्या एकेकट्याच्या असतात. मुलं माझ्या बहिणीकडे राहिली. आजीकडे ठेवली असती तर आम्ही तासातासाला फोन केला असता. दोन दिवस मौन, मिस्सा, फादरांची चिंतनं, आणि दुसऱ्या दुपारी जोडप्यांसाठी ठेवलेला एकत्र बसण्याचा वेळ. तिथे मी माझी गोष्ट सांगितली. ती इथे लिहीत नाही.

पास्काच्या सणानंतर वर्षाच्या आढाव्याची सभा झाली. टीम म्हणून कुठे चाललो आहोत, काय बदलायला हवं, हे त्यात बोलतात. जबाबदार जोडप्याची निवडही तेव्हाच झाली. ती दर वर्षी होते. भाषणबाजी नाही, उमेदवारी नाही. थोडी प्रार्थना, मग प्रत्येकाने चिठ्ठीवर एक नाव लिहायचं. जबाबदार जोडपं सभा ठरवतं, यजमान आणि फादर यांच्यासोबत आधी तयारीची बैठक घेतं, वर्गणी जमा करून पाठवतं आणि सेक्टरशी संपर्क ठेवतं. या कामांचा कागद पायलट जोडप्याने लिहून दिला होता. नव्या टीमने तो मागून घ्यावा.

मग प्रत्येक जोडप्याने घरी जाऊन ठरवायचं होतं, पुढे जायचं की नाही. आम्ही ते बसण्याच्या वेळी ठरवलं. उरलेल्या चारही जोडप्यांचं उत्तर होकाराचं आलं. बांधिलकीचा विधी मिस्सेत झाला आणि फार साधा होता. चळवळीच्या मार्गाने चालायचा प्रयत्न करू, अशा अर्थाची काही वाक्यं प्रत्येक जोडप्याने मिळून वाचली. तो काही व्रताचा विधी नाही, पुढे कधी थांबावं लागलं तर थांबता येतं. नंतर मरियेचं स्तोत्र म्हटलं, ज्या भेटीत ते पहिल्यांदा म्हटलं गेलं तिच्याच सणाला. पायलट जोडपं त्या दिवशी आमचा निरोप घेऊन गेलं. आता ते दुसऱ्या एका नव्या टीमसोबत बसतात.

हे वाचून कुणी चौकशी करणार असेल तर तीन-चार गोष्टी. टीम म्हणजे समुपदेशन केंद्र नव्हे. घरात मारहाण असेल, व्यसन असेल, तर आधी प्रशिक्षित माणसाची मदत आणि स्वतःची सुरक्षितता. नातं तुटायच्या टोकाला आलेल्या जोडप्यांसाठी रेट्रुवाय हा वेगळा उपक्रम आहे. कॅनडामध्ये १९७७ मध्ये सुरू झालेला. तिथे अशा अवस्थेतून बाहेर आलेली जोडपीच सोबत करतात. टीममधल्या कुणाचा जोडीदार वारला तर त्या व्यक्तीला टीम सोडावी लागत नाही, हेही पुष्कळांना माहीत नसतं. जवळपास टीम नसेल तर आपल्या धर्मग्रामातल्या फादरांना विचारा, आणि त्यांनाही माहीत नसेल तर पॅरिसच्या कार्यालयाला लिहा. तिथून तुमच्या देशातल्या जबाबदार जोडप्याचा पत्ता मिळतो.

आणि मला सगळ्यात जास्त विचारला जाणारा प्रश्न, जोडीदार तयार नसेल तर? ओढून नेऊ नका. त्याच्या वतीने अर्ज भरू नका. फक्त माहितीसभेला सोबत या म्हणा, तिथे सही करावी लागत नाही. तोवर मौन प्रार्थना आणि वचन या दोन साधना एकट्यानेही करता येतात. त्यासाठी टीममध्ये असायलाच हवं असं नाही.